बिनसाखरेचं आधण

माझं वजन चौऱ्याहत्तर किलोवर येऊन बसलं आणि मी घरी, पोस्टात, रस्त्यावर ज्याच्या त्याच्याशी भांडू लागलो. आधी भांडत नव्हतो असं नाही. पण आधी निदान मला कारण माहीत असायचं.

मी चंद्रभान रंगारी, पोस्टमन. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. नागपुरातल्या सरकारी कचेऱ्यांची तेव्हा वर्षातून एकदा लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. सीताबर्डीहून पळत निघायचं, कामठीला वळसा घालून परत यायचं, तीस किलोमीटर. प्रत्येक कचेरीतून एकच माणूस, आणि चाळिशी उलटलेल्याचं नाव घेत नसत. मला जानेवारीत चाळीस पूर्ण होणार होती. शर्यत डिसेंबरात होती, म्हणजे माझी ही शेवटची संधी.

पायांचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. छप्पनच्या दसऱ्याला मी बापासोबत पारशिवनीहून पायी नागपुरात दीक्षेला आलो. बापाला धाप लागली की तो झाडाखाली बसायचा आणि मी पुढच्या गावापर्यंत पळत जाऊन पाणी आणायचो. असं करत माझं अंतर त्याच्या दुप्पट झालं असेल. पुढे पोस्टात लागलो, धंतोलीतली वकील-प्रोफेसरांची एक गल्ली कायमची माझ्याकडे आली, आणि पोट सुटलं. रोज आठ-दहा मैल चालणाऱ्या माणसाचं पोट कसं सुटतं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑगस्टात मी शर्यतीला नाव दिलं तेव्हा रुपराव सगळ्यांसमोर हसला. रुपराव माझ्या शेजारी उभा राहून टपाल लावणारा पोस्टमन, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दुसरं नाव त्याचंच होतं. दोघांतून कोणाला पाठवायचं हे देवाजी ठरवणार होते. देवाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आमच्याकडे पहाऱ्यावर होते. आमच्या कचेरीत तीस किलोमीटर पळण्याबद्दल काही कळणारा तेवढाच एक माणूस होता.

देवाजींनी मला पार्सलं तोलायच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी किलो.

"बहात्तर कर," ते म्हणाले. "बहात्तरच्या वर असशीन त तुह्यं नाव मी देणार नाही. कामठीच्या पुढं गुडघे बोलतीन तुह्ये."

"अन् रुपराव?"

"त्याचं चौसष्ट आहे. तुह्यापेक्षा हळू पयते तो. पण परत येईन."

मी पहाटे साडेचारला उठू लागलो. आधी अंबाझरीपर्यंत, मग कामठी रोडला, दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटर जास्त. सप्टेंबरच्या मध्यात अठ्ठ्याहत्तर भरलो, दसऱ्याला चौऱ्याहत्तर. रुपरावाचं हसणं बंद झालं होतं आणि मी मनातल्या मनात त्याला कामठी रोडवर मागे टाकत होतो. मग वजन थांबलं. पळणं वाढवलं, चौऱ्याहत्तर. भात बंद केला, चौऱ्याहत्तर. रात्रीची भाकरी अर्धी केली, चौऱ्याहत्तर. पाच शनिवार मी त्या काट्यावर अनवाणी उभा राहिलो आणि पाचही शनिवार काट्याची दांडी त्याच आकड्यावर येऊन थांबली.

"रंगारी, तिकीट लावून धाडून देऊ का गा तुले?" रुपराव म्हणाला. "बुकपोस्टात त नाही बसत तू."

पहिला संशय मी काट्यावर घेतला. पाच किलोचं माप ठेवून पाहिलं, पाच दाखवलं. मग संशय घरी आणला. माझी बायको गोपिका भाजीत तेल जास्त टाकते, असं मी जेवताना पोरांसमोर म्हणालो. ती उठली, तेलाची शिशी आणून माझ्या ताटाजवळ ठेवली.

"हे घ्या. दोरा बांधा शिशीले. रोज पाहत जा किती खाली गेलं ते."

मी खरंच दोरा बांधला. आठवड्यात तेल अर्धा बोटही खाली गेलं नाही, कारण गोपिकाने तेल टाकणंच सोडलं. नुसत्या मिठामिरचीत उकडलेली भाजी तिने मलाही वाढली आणि पोरांनाही. पोरांनी तोंडं वाकडी केली की म्हणायची, "बाबाले विचारा काहून ते." पोरांनी मला विचारलं नाही. पोरं माझ्याशी बोलायचीच बंद झाली, आणि मला त्यांचाही राग आला.

आता कपांचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बासष्ट साली मला धंतोलीची गल्ली मिळाली. त्यात नऊ घरं अशी, की त्यांना रोज टपाल. पहिलं घर वकिलांचं. पहिल्याच उन्हाळ्यात वकिलांच्या पत्नी पार्वतीबाईंनी मला चहा विचारला. बरं वाटलं. चहा आला तो कान तुटलेल्या कपात, आणि पिऊन झाल्यावर त्यांनी बाहेरच्या नळाजवळचा कोनाडा दाखवला.

"धुऊन तिथे ठेवा. तो तुमचाच."

दूधवाल्याला आतल्या पेल्यात चहा मिळायचा, हे मी रोज बघत होतो. मी कप नळाखाली स्वच्छ धुतला आणि फरशीवर सोडून दिला. "फुटला," म्हणालो. "असू दे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, तोही फुटला. असे सात फुटले. एकदाही मी आवाज चढवला नाही आणि एकदाही त्यांनी मला जाब विचारला नाही. आम्हा दोघांना नीट माहीत होतं काय चाललंय ते. घरातले तुटके कप संपले तेव्हा आठव्यांदा चहा आला तो निळ्या काठाच्या कपात, बशीसकट. पिऊन मी तो उंबऱ्यावर ठेवला आणि पार्वतीबाईंनी तो उचलून आत नेला.

बाकीच्या आठ घरी कुठे तीन फोडावे लागले, कुठे पाच. दोन वर्षं लागली. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्या गल्लीतला एकही चहा सोडला नाही. तहान असो नसो, अंगात ताप असो, टपाल दिलं की मी ओट्यावर बसायचो आणि चहा येईपर्यंत उठायचो नाही. त्यांना मी नको असायचो, ते दिसायचं. साखर मिळेनाशी झाली तेव्हा तर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजून घ्याव्यात. तरी चहा यायचा आणि गोड यायचा, कारण घरात सगळ्यांचा एकाच आधणातला. मला चहा फारसा आवडतो असंही नाही.

नोव्हेंबरात देवाजी आपल्या सुटीच्या दिवशी सायकल घेऊन माझ्या मागे मागे गल्लीत आले. मी चोरून काही खातो असा त्यांना संशय होता, तो त्यांनी तोंडावर सांगितला. नवव्या घराचा चहा पिऊन मी बाहेर पडलो तेव्हा ते कोपऱ्यावर उभे होते.

"किती चमचे साखर असते गा एका कपात?"

"मले काय मालूम."

"मी पुसलं त्या शेवटच्या बाईले. तीन. नऊ घरं, सत्तावीस चमचे. अदपाव साखर पिऊन राहिला तू रोज, वरून दूध. अन् घरी बायकोच्या शिशीले दोरा बांधून राहिला."

शिशीचं त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. आमची वस्ती एवढीशी.

"चहा मी सोडत नाही," मी म्हणालो.

"काहून?"

मी त्यांना कपांचं सगळं सांगितलं. देवाजी पारशिवनीकडच्याच शेतकरी घरातले. त्यांच्या घरी माझ्या बापाला पाणी कशातून मिळालं असतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, म्हणून ते माझ्याकडे न बघता सायकलच्या घंटीकडे बघत ऐकत राहिले.

"तुले कप दिसते, मले काटा दिसते," शेवटी म्हणाले. "आठ डिसेंबरले बहात्तर, नाही त रुपराव. चोवीस दिवस आहेत. चहा नको सोडू. बिनसाखरेचा माग. चहाबी राहीन अन् कपबी राहीन."

त्यांना ते सोपं वाटलं. पण चहाची साखर आधणातच पडते. बिनसाखरेचा हवा तर माझ्या एकट्यासाठी वेगळं पातेलं, वेगळं आधण. वेगळं काही नको म्हणून मी सात कप फोडले, आणि आता त्याच ओट्यावर बसून मीच म्हणायचं, माझं वेगळं ठेवा.

संध्याकाळी हे मी गोपिकाला सांगितलं. तेलाबद्दल चुकलो असं आधी म्हणायला हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

"नका पयू मंग," ती म्हणाली.

"शेवटचं वर्ष आहे वं माह्यं."

"कपबी पायजे, शर्यतबी पायजे, अन् शिव्या मले." ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "घरी तुम्ही एक दिवस आपला कप धुतला नाही. तिथं धुवा लागला त सात फोडले."

मी उठून बाहेर गेलो. रस्त्यावर उभं राहून मी ठरवलं की चोवीस दिवस म्हणजे काही जन्म नव्हे. शर्यत झाली की पुन्हा गोड चहा मागायचा. मिळवलेली गोष्ट चोवीस दिवसांत कुठे पळून जात नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते मला पटलंही.

त्या लोकांशी मी पुस्तकी मराठी बोलतो. चुकायला नको म्हणून.

"बाई, आजपासून माझ्या चहात साखर नको," मी पार्वतीबाईंना म्हणालो.

"का हो?"

"शर्यत आहे. वजन उतरवायचं आहे."

अकरा वर्षांत ही बाई माझ्याकडे बघून हसली नव्हती, ती हसली. "मग वेगळा करावा लागेल," म्हणाल्या.

"करा."

"करते की. त्यात काय मोठंसं."

पहिले दोन दिवस चहा वेगळ्या पातेल्यातून पण निळ्या काठाच्या कपात आला. तिसऱ्या दिवशी नवा कप आला. पांढरा शुभ्र, कान असलेला, बाजारातून माझ्यासाठी मुद्दाम आणलेला.

"आमच्या कपांना साखरेचा हात असतो ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या वजनाला बाधायचं. हा वेगळाच बरा. पिऊन झालं की नळाखाली विसळा आणि कोनाड्यात ठेवा, म्हणजे मोलकरणीच्या हातून अदलाबदल व्हायची नाही."

सगळं माझ्या भल्याचंच होतं. पकडायला एक शब्द सापडेना. धुतलेल्या कपाला साखर उरत नाही हे काय मला कळत नव्हतं? तरी मी तो कप हातात धरून नळाजवळ उभा राहिलो. फरशी तीच होती. पण मागच्याच शनिवारी रुपरावाने मला विचारलं होतं की शर्यतीसाठी घेतलेले कापडी बूट तू विकणार का, म्हणजे मी घेतो. मी कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला. माझ्याच हाताने ठेवला.

त्या दिवशी घरी चहा पिऊन मी आपला कप धुतला. गोपिकाने पाहिलं.

"इथं काहून धुऊन राहिले?"

"राहू दे."

मला लाज वाटत होती, आणि ती तिने ओळखली असणार, कारण त्या रात्री भाजीत तेल होतं.

बायकांचं दुपारी एकमेकींकडे जाणं-येणं असतं. दहा दिवसांत नऊच्या नऊ घरी कोनाडे भरले. एकीने कप नवा आणला, एकीने जुनाच काढला, एकीने तर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर 'बिनसाखर' असं लिहिलं. कोणी कपाळाला आठी घातली नाही. उलट सगळ्या विचारायच्या, किती उतरलं आता? मी सांगायचो. त्र्याहत्तर. पावणेत्र्याहत्तर. त्यांना आनंद व्हायचा आणि तो खरा होता, याचाच मला जास्त संताप यायचा. कामठी रोडला मी दात-ओठ खाऊन पळायचो.

आठ डिसेंबरला पार्सलाच्या काट्याभोवती अर्धं पोस्ट जमलं. देवाजींनी सरकतं वजन बहात्तरवर आणून सोडलं. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. रुपराव खाली वाकून डोळा लावून बघत होता. दांडी मधोमध थांबली.

"बहात्तर," देवाजी म्हणाले, आणि वहीत माझं नाव लिहिलं.

रुपराव म्हणाला, काटा पुन्हा लावा. देवाजींनी त्यालाच त्यावर उभा केला. त्याचं चौसष्टच भरलं, तेव्हा तो उतरून टपाल लावायला गेला.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. एकतीस जण होतो. इंदोऱ्यापर्यंत मी मागे होतो, कामठीला आठवा. वळणावर टेबल मांडलं होतं, त्यावर पाण्याचे स्टीलचे पेले ओळीने, ज्याच्या हाताला जो लागेल तो. कोणीतरी नुकताच पिऊन ठेवलेला मी उचलला, त्यात पाणी ओतून मिळालं, प्यालो, ठेवला. माझ्या मागच्याने तोच उचलला. परतीच्या वाटेवर वजन नसल्यासारखे पाय उचलत होते. देवाजी म्हणाले होते तसे गुडघे बोलले नाहीत. सीताबर्डीला मी तिसरा आलो. पितळेचा बिल्ला मिळाला. घरी पोरांनी तो आळीपाळीने गळ्यात घातला, आणि गोपिकाने तेलात बोट बुडवून माझ्या पायांना चोळलं. तेव्हा मी तिला म्हणालो, तेलाबद्दल मी चुकलो. ती म्हणाली, मालूम आहे.

सोमवारी बिल्ला खिशात घालून मी गल्लीत गेलो. पार्वतीबाईंच्या हातात टपाल दिलं आणि ओट्यावर बसलो.

"शर्यत झाली, बाई. तिसरा आलो. आता साखर चालेल."

"अरे वा. छान झालं हो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा आला. तांबूस, दाट, तीन चमच्यांचा. "आता वेगळं काही केलं नाही हं, आमच्यातलाच ओतला," त्या म्हणाल्या. चहा त्यांच्यातला होता. कप कोनाड्यातला होता.

"कप?" मी म्हणालो.

"कप तुमचाच आहे की. राहू दे आता. सगळ्यांनाच सवय झालीये, तुम्हालाही." त्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. आवाजात राग नव्हता. राग होता तेव्हा बरं होतं, तेव्हा त्या हरत होत्या.

मी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. फार गोड लागला, जीभ सवयीतून गेली होती. मग उठून नळाजवळ गेलो, कप आतून-बाहेरून धुतला आणि फरशीवर सोडून दिला. नवा असल्यामुळे तो तुटक्या कपांपेक्षा जोरात वाजला.

"फुटला," मी म्हणालो.

पार्वतीबाई तुकड्यांकडे बघत राहिल्या. या वेळी त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत.

"उद्या दुसरा देते," म्हणाल्या.

"द्या."

मागच्या वेळी सात लागले होते, आणि तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मी पिशवी खांद्याला लावली आणि शेजारच्या घरी गेलो.